शेवटच्या तीन फेऱ्या

१९६९ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मायामी शहरी, प्रेक्षकांना पूर्ण मज्जाव असलेल्या एका चित्रीकरणगृहात, निवृत्तीस तेरा वर्षे उलटून गेलेला ४५ वर्षांचा रॉकी मार्सियानो आणि सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल रिंगणातून हद्दपार झालेला २७ वर्षांचा महंमद अली हे दोघे मुष्टियोद्धे समोरासमोर उभे राहिले, आणि कॅमेऱ्यापुढे एकेका मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या खेळले. मात्र त्या लढतीचा निकाल दोघांपैकी एकाच्याही मुठीत नव्हता. मरे वोरोनर नावाच्या नभोवाणी-निर्मात्याने त्याआधी, १९६७ साली, सर्व काळांतील सोळा हेवीवेट योद्ध्यांची एक काल्पनिक स्पर्धा संगणकाच्या आधारे रेडिओवर रंगविली होती. तीत जेम्स जेफ्रीजने अलीचा पाडाव केल्याचे जाहीर होताच अलीने अब्रुनुकसानीचा दहा लाख डॉलरांचा दावा गुदरला, आणि त्या दाव्याच्या तडजोडीतून हे चित्रीकरण निपजले. मार्सियानोने त्यासाठी सुमारे ५० पौंड वजन उतरविले, विरळ झालेल्या डोक्यावर केसांचा टोप चढविला, आणि काम आटोपल्यावर थोड्याच आठवड्यांत, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, आपल्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवा प्रांतात विमान कोसळून तो मरण पावला. जानेवारी १९७० मध्ये तो चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा अमेरिकेतील प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळविल्याचे पाहिले. युरोपात दाखविलेल्या प्रतीत मात्र विजय अलीच्या पदरी पडला.

आजचा विजेता गतकाळच्या महारथीपुढे टिकला असता काय, या प्रश्नाचा निकाल लावण्याचा इतका खटाटोपी प्रयत्न त्यापूर्वी झाला नव्हता. तो फसला, याचे कारण यंत्र अपुरे होते एवढेच नव्हे. योद्ध्याला त्याच्या काळातून उचलून परक्या काळात नेऊन ठेवताना त्याच्या काळाचे नियम, त्याच्या लढतींची संख्या, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची उपलब्धता आणि त्याच्या देहावर लादलेली शिक्षा ही सारी मागेच राहून जातात, आणि मग जो माणूस आपण तुलनेच्या तराजूत घालतो तो मूळचा माणूस उरतच नाही.

वजनाचीच गोष्ट घ्या. आधुनिक मुष्टियुद्धाचा पाया ज्यांनी घातला ते क्वीन्सबेरी नियम १८६७ चे. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, दहापर्यंतची मोजणी आणि हातमोजे ही त्यांची देणगी. या नियमांखाली ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे जेम्स कॉर्बेटने जॉन सलिव्हनला एकविसाव्या फेरीत पराभूत केले, तेव्हापासून हेवीवेट अजिंक्यपदाची सलग वंशावळ सांगता येते. त्या वंशावळीतील बॉब फिट्झसिमन्स हा १७० पौंडांचाही नव्हता; जॅक डेम्प्सीचे वजन १८७ पौंडांच्या आसपास, मार्सियानोचेही तेवढेच, आणि जो लुई आपल्या ऐन बहरात २०० पौंडांच्या आतबाहेर. आजच्या नियमांनुसार २०० पौंडांपर्यंतच्या योद्ध्यासाठी क्रूझरवेट हा निराळा गट आहे. म्हणजे हेवीवेटच्या इतिहासातील निम्मी दैवते आज हेवीवेटच्या दालनात पाऊलही टाकती ना. सहा फूट नऊ इंच उंचीचा आणि २६० पौंडांहून भारी असा टायसन फ्युरी त्यांच्यापुढे उभा केला तर काय होईल, असे विचारणारे उत्तर मनात ठरवूनच विचारतात. पण ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे सहा फूट सहा इंचांवर उंच असलेल्या जेस विलर्डला, स्वतःपेक्षा सुमारे साठ पौंडांनी जड असलेल्या त्या राक्षसी देहाच्या माणसाला, डेम्प्सीने पहिल्याच फेरीत सात वेळा जमिनीवर आणले होते, हा दाखलाही त्याच दप्तरात आहे.

आणि त्या दाखल्याच्या पोटातही एक अट दडलेली आहे. त्या वेळच्या शिरस्त्याप्रमाणे डेम्प्सी पडलेल्या विलर्डच्या उशाशी उभा राहू शकत होता, आणि तो गुडघा टेकून उठू लागताच पुन्हा ठोसा लगावू शकत होता. पुढे पडलेल्या योद्ध्यापासून दूर, तटस्थ कोपऱ्यात जाण्याचा नियम आला. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागो येथे सातव्या फेरीत जीन टनी खाली कोसळला, तेव्हा जुन्या सवयीने डेम्प्सी तिथेच घुटमळला, पंचाने तो दूर होईपर्यंत मोजणी सुरू केली नाही, आणि नऊ म्हणताच टनी उठला तोवर चौदाएक सेकंद लोटले होते. टनी ती लढत जिंकला. एका माणसाच्या एका सवयीचे मोल आठ वर्षांत असे पालटले. मग शंभर वर्षांच्या अंतराची काय कथा!

माझ्या मते मात्र या दोन काळांना विभागणारी खरी सीमारेषा वजनाची नव्हे, फेऱ्यांची आहे. अजिंक्यपदाची लढत पूर्वी पंधरा फेऱ्यांची असे. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगास येथे रे मॅन्सिनीशी चौदाव्या फेरीपर्यंत झुंजलेला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू मेंदूतील रक्तस्रावाने काही दिवसांतच दगावला, आणि त्यानंतर त्या दशकात एकामागून एक संघटनांनी ही मुदत बारा फेऱ्यांवर आणली. तो फैसला योग्य होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही. खेळ कितीही उदात्त असो, एका तरुणाच्या प्राणाइतका उदात्त तो नव्हे. परंतु त्या तीन फेऱ्या जुन्या इतिहासातून वजा करून पाहा, म्हणजे इतिहासाची अर्धी इमारत डोळ्यांदेखत खाली येते.

१८ जून १९४१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बिली कॉन हा कितीतरी हलका, चपळ योद्धा बारा फेऱ्यांअंती लुईच्या पुढे होता. दोन अधिकाऱ्यांच्या गुणपत्रिकांवर त्याची आघाडी होती आणि तिसरीवर बरोबरी. आजच्या नियमाने त्या क्षणी घंटा वाजून कॉन जगज्जेता ठरला असता, आणि बारा वर्षे व पंचवीस यशस्वी बचाव ही लुईची अद्वितीय कारकीर्द चार वर्षांतच बरखास्त झाली असती. तेराव्या फेरीत कॉन विजयाच्या मोहाने बेधडक पुढे सरसावला, आणि लुईने त्याला गाठले. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉट तीनही गुणपत्रिकांवर मार्सियानोच्या पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजव्या हाताचा एकच आखूड ठोसा त्याच्या जबड्यावर बसला, आणि वॉलकॉट दोरावर हात अडकवून हळूहळू गुडघ्यांवर आला. ४९ लढती, ४९ विजय, पराभव शून्य, हा जो आकडा आज प्रत्येक नवा विजेता आपल्या डोळ्यांपुढे ठेवतो, तो आकडाच बारा फेऱ्यांच्या जमान्यात जन्मास आला नसता.

याच्या नेमके उलट उदाहरण शुगर रे रॉबिन्सनचे, आणि ते मला अधिक हृदयस्पर्शी वाटते. २५ जून १९५२ रोजी यांकी स्टेडियमवर, रिंगणाशेजारी पारा १०४ अंश फॅरनहाइटवर पोहोचलेला असताना, मिडलवेटचा हा अजिंक्यवीर जोई मॅक्सिमकडून लाइट हेवीवेटचे पद हिरावून घेण्यास उतरला. उकाडा असा की दहाव्या फेरीनंतर पंच रुबी गोल्डस्टीन यांनाच भोवळ आली आणि त्यांच्या जागी दुसरा पंच रुजू करावा लागला. रॉबिन्सन गुणांत फार पुढे होता. तेराव्या फेरीत त्याने एक ठोसा फेकला, तो हुकला, आणि ठोशाच्या वेगानेच तो स्वतः तोंडघशी पडला. चौदाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा त्याला आसनावरून उठता येईना. बारा फेऱ्यांची मर्यादा असती तर तिसऱ्या वजनगटाचे अजिंक्यपद त्याच्या नावे लागले असते. एकाच वर्षी, केवळ तीन महिन्यांच्या अंतराने, तेराव्या फेरीने एकाला अक्षय कीर्ती दिली आणि दुसऱ्याची हिरावून घेतली.

तरीही रॉबिन्सनला सर्व काळांतील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा मानणाऱ्यांत माझा समावेश आहे, आणि त्याचे कारण त्याचे विजय जितके, तितकेच त्याचे पराभवही आहेत. व्यावसायिक पदार्पणानंतर सव्वादोन वर्षांत चाळीस लढती जिंकून तो ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाकडून प्रथमच हरला. आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला, त्याच शहरात, त्याच लामोटाला त्याने हरविले. आज पहिल्या पराभवानंतर विजेत्याचे सल्लागार, प्रवर्तक आणि दूरचित्रवाणीचे मक्तेदार वर्षभर वाटाघाटी करीत बसतात. पूर्वी आठ वजनगट होते आणि बहुधा प्रत्येकाचा एकच धनी असे. आज सतरा गट आणि चार प्रमुख संघटना, म्हणजे अजिंक्यपदे अडुसष्ट. एवढी पदे वाटायची असली की दोन बलाढ्य योद्ध्यांना एकमेकांस टाळून सन्मानाने आयुष्य काढता येते. फ्लॉइड मेवेदरचे बचावकौशल्य मी कोणत्याही काळातील श्रेष्ठांच्या बरोबरीचे मानतो; पण मॅनी पॅकियावशी ज्या लढतीची बोलणी २००९ पासून चालली होती ती २ मे २०१५ रोजी झाली, तेव्हा एक ३८ वर्षांचा होता आणि दुसरा ३६ चा, आणि त्या विलंबात जे हरवले ते ५०–० या आकड्याने भरून येत नाही.

टाळाटाळ ही आजचीच व्याधी, असे म्हणून जुन्यांची आरती ओवाळणेही मला मान्य नाही. सलिव्हनने कृष्णवर्णीय पीटर जॅक्सनशी लढण्यास साफ नकार दिला. जॅक जॉन्सनला टॉमी बर्न्सचा पाठलाग करीत थेट सिडनीपर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे २६ डिसेंबर १९०८ रोजी त्याला आपला हक्क मिळाला. आणि तोच जॉन्सन पदावर बसल्यानंतर सॅम लँगफोर्डला संधी देईना. डेम्प्सीच्या काळात हॅरी विल्स वर्षानुवर्षे दाराशी ताटकळत राहिला आणि ते दार कधी उघडले नाही. या अन्यायाचा जमाखर्च मांडल्याशिवाय त्या सुवर्णयुगाचे गोडवे गाणे म्हणजे लँगफोर्ड आणि विल्स यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

अलीचे मोठेपण याच कसोटीवर सर्वांत लखलखीत उतरते. पंचविसाव्या वर्षी, देहाच्या परमोत्कर्षाच्या क्षणी, त्याचे पद आणि परवाना काढून घेण्यात आला. साडेतीन वर्षांनी परतला तो पूर्वीच्या पावलांची चपळाई गमावून. तरीही त्याने फ्रेझर, नॉर्टन, फोरमन यांपैकी कोणालाही टाळले नाही. ८ मार्च १९७१ रोजी पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हुकने तो उताणा पडला, क्षणात उठला, आणि गुणांवर हरला. १९७३ मध्ये नॉर्टनने त्याचा जबडा फोडला. आणि या दोन पराभवांनंतर ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे अजेय भासणाऱ्या फोरमनला त्याने आठव्या फेरीत चीत केले. त्याच्या कारकिर्दीत पाच पराभव आहेत. ते पुसून त्या जागी शून्य लिहिले तर अली लहान होईल. मात्र फ्रेझरशी मॅनिलात झुंजलेल्या चौदा फेऱ्या आणि त्यानंतरची न टाळलेली वर्षे यांची किंमत त्याच्या देहाने पुढे किती दीर्घकाळ फेडली, हेही जगाने पाहिले आहे, आणि म्हणून त्या तीन फेऱ्या परत आणा असे मी कदापि म्हणणार नाही.

सांप्रतच्या योद्ध्यांत या जुन्या मापाला जवळून उतरतो तो युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक. क्रूझरवेटची पदे त्याने पोलंड, लाटव्हिया आणि रशिया येथे, प्रतिस्पर्ध्यांच्याच अंगणात जाऊन मिळविली. अँथनी जोशुआला २०२१ साली लंडनमध्येच हरविले. आणि १८ मे २०२४ रोजी रियाध येथे, स्वतः २२३ पौंडांचा असताना, सुमारे ४० पौंडांनी जड असलेल्या फ्युरीला नवव्या फेरीत दोरांवर झोकांड्या खायला लावून, लेनॉक्स लुईसनंतर पंचवीस वर्षांनी हेवीवेटचा निर्विवाद स्वामी झाला. दीड महिन्याच्या आतच एका संघटनेचे पद त्याला सोडावे लागले, ते कोणी ठोशाने हिसकावले म्हणून नव्हे, तर तिच्या कारभारी नियमांमुळे. जुलै २०२५ मध्ये वेम्ब्ली येथे डॅनिएल दुबुआला पाचव्या फेरीत गारद करून तेही त्याने परत मिळविले. तेरावी फेरी त्याने कधी पाहिली नाही, यात त्याचा दोष नाही. मार्सियानो आणि लॅरी होम्स यांच्या शेजारी त्याचे नाव मी आजच निःशंकपणे लिहीन. लुई आणि अली यांच्या शेजारी ते लिहिण्यास मात्र जुलै २०२५ पर्यंतच्या त्याच्या चोवीस लढती मला अपुऱ्या वाटतात.