राइस, सर स्टीफन

राइस, सर स्टीफन : (१६३७–१६ फेब्रुवारी १७१५). आयरिश न्यायाधीश व राजकारणी. केरी परगण्यातील एका रोमन कॅथलिक कुटुंबात जन्म. डब्लिन येथे वकिली करून, विशेषतः महसूल व जमिनीच्या दाव्यांत, त्याने नावलौकिक मिळविला.

क्रॉमवेलच्या विजयानंतर आयर्लंडमधील कॅथलिकांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर जप्त झाल्या होत्या. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीतील १६६२ व १६६५ च्या जमीनविषयक कायद्यांनी ही स्थिती बव्हंशी कायम ठेवली. १६४१ मध्ये सु. ५९ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १६८८ मध्ये ती सु. २२ टक्क्यांवर आली. या कायद्यांतून आपण सहा घोड्यांची गाडी हाकून नेऊ, असे उद्‌गार राइसने काढल्याचे त्याचे विरोधक सांगत.

कॅथलिकधर्मीय दुसरा जेम्स राजा झाल्यावर राइसची राजकोष न्यायालयात न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली (१६८६). पुढील वर्षी तो तेथील मुख्य न्यायाधीश झाला व त्यास ‘सर’ हा किताब मिळाला. या न्यायालयाच्या निर्णयांविरुद्ध इंग्लंडमध्ये दाद मागता येत नसल्याने कॅथलिकांचे दावे तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले, असे समकालीन प्रॉटेस्टंट लेखक विल्यम किंग याने नमूद केले आहे. नगरपालिकांच्या जुन्या सनदाही याच न्यायालयाने रद्द ठरविल्या. १६८८ मध्ये जमीनविषयक कायद्यांत दुरुस्ती सुचविण्यासाठी टॉमस न्यूजंट या न्यायाधीशासह तो लंडनला गेला. तथापि तेथे त्यांना यश आले नाही.

जेम्स पदच्युत होऊन फ्रान्सला गेल्यानंतर आयर्लंडचा राजप्रतिनिधी टिरकॉनेल याने राइस व प्रॉटेस्टंट सरदार माउंटजॉय यांना त्याच्याकडे पाठविले (१६८९). माउंटजॉय विश्वासघातकी असल्याचा गुप्त निरोप राइसकडे होता. परिणामी माउंटजॉयला बॅस्टिलच्या तुरुंगात टाकण्यात आले. त्याच वर्षी डब्लिनच्या संसदेने जमीनविषयक कायदे रद्द केले. पण बॉइनच्या लढाईतील (१६९०) पराभवाने तो निर्णय निष्फळ ठरला.

लिमरिकच्या तहातील (१६९१) अटींमुळे राइसच्या जमिनी वाचल्या. पुढे कॅथलिकांविरुद्धचे विधेयक संसदेपुढे आले, तेव्हा फेब्रुवारी १७०४ मध्ये सर थिओबॉल्ड बटलर व मलोन यांच्यासह त्याने सभागृहापुढे त्यास विरोध केला. ते दोघे वकिलाच्या झग्यात होते. माजी मुख्य न्यायाधीश राइस मात्र झग्याविना, केवळ अर्जदार म्हणून उभा राहिला. राजाने दिलेल्या तहाचे वचन संसदेने मोडू नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. तो मान्य झाला नाही. या कायद्यान्वये कॅथलिकाची जमीन मृत्यूनंतर सर्व मुलांत वाटली जाई. ज्येष्ठ पुत्राने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारल्यास मात्र ती अखंडपणे त्याच्याकडे जाई.

राज्यकर्त्यांच्या हातातील कायद्याचे बळ व मर्यादा दोन्ही राइसच्या चरित्रातून स्पष्ट होतात. प्रचलित व्यवस्था मोडण्यासाठी त्याने न्यायासनाचा उपयोग केला. उत्तरायुष्यात मात्र लिखित कराराच्या पावित्र्याखेरीज त्यास अन्य आधार उरला नाही. जमिनीची वाटणी टळावी म्हणून त्याचा ज्येष्ठ पुत्र एडवर्ड याने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला.