लोकल नेटवर्कलाही ओळख विचारा

उल्हासनगरमधला जीन्सचा घाऊक व्यापारी, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला रसायनांचा कारखाना आणि बदलापुरातली पॅथॉलॉजी लॅब यांचे धंदे वेगळे, पण संगणकांची मांडणी बहुधा एकाच प्रकारची. आतल्या खोलीत सर्व्हर म्हणून ठेवलेला एक संगणक, त्यावर डेटाबेस आणि राउटरमार्फत त्याला जोडलेले चार-सहा संगणक : बिलाचा काउंटर, गोदाम, वजनकाटा, अकाउंट्स. ओडूसारखे सॉफ्टवेअर वापरात असेल तर हा डेटाबेस पोस्टग्रेसचा असतो. त्यात कोणाला शिरू द्यायचे, हे ‘पीजी-एचबीए’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलवर ठरते. ‘सगळे संगणक आपलेच आहेत, त्यांना कशाला पासवर्ड’ असे म्हणून या फाइलमध्ये सर्रास सूट दिली जाते. ही सूट तांत्रिकदृष्ट्या चूक आहे आणि ती बंद व्हायला हवी.

फाइलमधली एक ओळ म्हणजे एक नियम. जोडणीचा प्रकार, डेटाबेस, युजर, पत्ता आणि ओळख पटवण्याची पद्धत, असे तिचे पाच रकाने. ‘होस्ट, ऑल, ऑल, १९२.१६८.१.०/२४, ट्रस्ट’ ही ओळ घ्या. पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ जुळले पाहिजेत, उरलेले ८ काहीही चालतील, असा ‘/२४’चा अर्थ, म्हणजे २५६ पत्ते. तिथे ‘/१६’ लिहिले तर ६५,५३६ आणि ‘०.०.०.०/०’ लिहिले तर झाडून सगळे पत्ते. शेवटच्या रकान्यातला ‘ट्रस्ट’ सांगतो की या पत्त्यांवरून येणाऱ्याला काहीही विचारू नका. त्याने आपले नाव ‘पोस्टग्रेस’ सांगितले, तर सर्वाधिकार असलेला युजर म्हणून तो आत येतो. नुकसान फक्त खतावणीपुरते राहत नाही. २०१३ साली आलेल्या ९.३ आवृत्तीपासून असा युजर ‘कॉपी’ या आज्ञेतून सर्व्हरच्या संगणकावर इतर प्रोग्रामही चालवू शकतो. शिवाय सर्व्हर ओळी वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिली ओळ सापडली की तिथेच थांबतो. वर सैल ओळ असेल तर तिच्याखाली त्याच पत्त्यांसाठी लिहिलेले कडक नियम कधीच लागू होत नाहीत. फाइल वरवर चाळणाऱ्याला ते दिसतात आणि सगळे ठीक आहे असे वाटते.

मूळ पोस्टग्रेस फक्त स्वतःच्याच संगणकावरून आलेल्या जोडण्या ऐकते. नेटवर्कसाठी ते कोणालातरी मुद्दाम उघडावे लागते आणि ते उघडण्याची वेळ बहुतेकदा घाईची असते. नवा काउंटर बसवला, गिऱ्हाईक उभे आहे, आणि पडद्यावर संदेश येतो की या होस्टसाठी फाइलमध्ये नोंद नाही. सॉफ्टवेअर बसवणारा माणूस फोनवरून एक ओळ टाकायला सांगतो, बिल निघते आणि ती तात्पुरती ओळ वर्षानुवर्षे तशीच राहते. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. काम चालू झाल्यावर ती ओळ पुन्हा तपासायला त्याला कोणी सांगत नाही, आणि त्यासाठी पैसेही कोणी देत नाही.

खरा प्रश्न पत्त्याचा आहे. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्याचा आजचा नियम फेब्रुवारी १९९६चा, आरएफसी १९१८ या दस्तऐवजातला. इंटरनेटवरचे पत्ते अपुरे पडू नयेत हे त्यामागचे एक मोठे कारण होते. हेच पत्ते उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या दुकानात असतात आणि बदलापूरच्या फ्लॅटमध्येही. दुकानाच्या वायफायला जोडलेल्या प्रत्येक फोनला राउटर त्यातलाच एक पत्ता देतो, मग तो फोन मालकाचा असो की माल घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याचा. पत्त्यावरून यंत्र कोणत्या नेटवर्कवर आहे एवढे कळते. ते कोण चालवत आहे, किंवा त्यात कोणता व्हायरस बसला आहे, हे कळत नाही.

आतले यंत्र बिघडले की काय होते, ते जून २०१७मध्ये आपल्या जवळच दिसले. त्या महिन्याच्या २७ तारखेला नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला. त्याच समूहाकडे असलेल्या न्हावा-शेवा बंदरातल्या कंटेनर टर्मिनलचे संगणकीय काम त्यामुळे ठप्प झाले. हा हल्ला डेटाबेसच्या नियमांवर नव्हता. विंडोजमधली त्रुटी आणि संगणकांच्या स्मृतीतून उचललेले पासवर्ड वापरून तो पसरला. पण एकदा आत शिरल्यावर तो लोकल नेटवर्कवरच्या एका यंत्रातून दुसऱ्यात गेला, तेही प्रशिक्षित तंत्रज्ञ पगारावर असलेल्या कंपनीत. वजनकाट्याच्या जुन्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावणाऱ्या आपल्या कारखान्यांनी यातून काही घ्यायचे असेल, तर ते हेच.

यावर पहिला आक्षेप असा की, आमच्यासारख्या छोट्यांवर कोण हल्ला करणार? जानेवारी २०१७मध्ये पासवर्डशिवाय उघडे ठेवलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली. ते इंटरनेटवर उघडे होते, लोकल नव्हते, हा फरक आहेच. पण तिथे मालक कोण हे पाहून नेम धरला नव्हता. आपोआप चालणारे प्रोग्राम जे उघडे सापडेल ते टिपत होते. संसर्ग झालेला लॅपटॉप दुकानाच्या नेटवर्कवर आला की असेच प्रोग्राम तिथेही शोध घेऊ शकतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पासवर्ड ठेवला तरी तो मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवरच असणार. खरे आहे. तरीही चिठ्ठी वाचायला माणसाला दुकानात यावे लागते, व्हायरसला ती दिसत नाही. आणि काउंटरच्या युजरला फक्त बिल करण्याचे अधिकार दिले, तर त्याचा पासवर्ड फुटूनही मागची खाती पुसता येत नाहीत.

तिसरा आक्षेप जुन्या सॉफ्टवेअरचा : त्याला पासवर्डची नवी पद्धत जमत नाही. पासवर्ड तपासण्याच्या पूर्वीच्या एमडी५ पद्धतीत सर्व्हरवर साठवलेले पासवर्डचे सांकेतिक रूप कोणी चोरले, तर मूळ पासवर्ड माहीत नसतानाही तेवढ्यावर आत शिरता येते. २०१७च्या दहाव्या आवृत्तीत आलेल्या ‘स्क्रॅम-शा-२५६’मध्ये तसे होत नाही. पासवर्ड तारेवरून जात नाही, आणि दर वेळी दोन्ही बाजू नवे यादृच्छिक आकडे वापरतात, त्यामुळे चोरून ऐकलेले उत्तर पुढच्या वेळी कामाचे राहत नाही. उलट सर्व्हरलाही स्वतःची ओळख सिद्ध करावी लागते. २०२१च्या चौदाव्या आवृत्तीपासून पासवर्ड मुळातच या रीतीने साठवला जातो. एखादा जुना प्रोग्राम यात बसत नसेल, तर त्याच्या एकट्या युजरसाठी आणि ‘/३२’ लावून त्याच्या एकट्या संगणकासाठी एमडी५ची ओळ ठेवता येते. एका जुन्या यंत्राखातर २५६ पत्त्यांना सूट देण्याचे कारण उरत नाही.

पॅथॉलॉजी लॅबच्या बाबतीत तर हा केवळ मालकाच्या मर्जीचा विषय नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न करणाऱ्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रुग्णांचे अहवाल पासवर्डविना उघडे ठेवणे कोणत्याही मोजमापाने वाजवी ठरणार नाही.

तुमच्याकडे पोस्टग्रेस असेल तर सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला या आठवड्यात बोलावा आणि ती फाइल समोर उघडायला सांगा. आधी बॅकअप घ्या, प्रत्येक कामासाठी वेगळा युजर आणि पासवर्ड तयार करा, मग नेटवर्कच्या पत्त्यांपुढचा ‘ट्रस्ट’ काढून तिथे ‘स्क्रॅम-शा-२५६’ लिहा. बदल करून सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावली नाही, तर जुनेच नियम चालू राहू शकतात. म्हणून तो माणूस निघण्यापूर्वी काउंटरवरून मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहा. जोडणी नाकारली गेली पाहिजे.