उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करावी का?

मे महिन्यात आम्ही घरचे सगळे समृद्धी महामार्गाने नागपूरहून शिर्डीला निघालो होतो. आदल्या दिवशी बाबा हवा भरायला गेले, तर पंक्चरवाला म्हणाला, "काका, ऊन फार आहे. ३३ नको, २५च ठेवा. हवा तापून फुगते आणि टायर फुटतो." बाबांना पटलं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं. अकरावी-बारावीत शिकलेला नियमच तो: आकारमान स्थिर असेल, तर तापमानाबरोबर दाब वाढतो.

नियम बरोबरच आहे. पण दाब वाढतो किती? आकडे घालून बघा.

टायरमधली हवा २७ अंश सेल्सिअसवरून ५७ वर गेली असं धरा. म्हणजे ३०० केल्विनवरून ३३०, वाढ १० टक्के. इथे बरेच जण ३३ चे १० टक्के काढतात आणि चुकतात. गेज फक्त वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. निरपेक्ष दाब ३३ अधिक १४.७, म्हणजे ४७.७ पीएसआय. त्यात ४.८ ची वाढ झाली, तर गेजवर साधारण ३८ दिसेल. कंपनीने ३३ सांगताना ही वाढ आधीच धरलेली असते. धड टायर एवढ्याने फुटत नाही.

आता हवा कमी असेल तर काय होतं ते बघा. चाकाचा घेर साधारण १.९ मीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास १५ वेळा फिरतं. प्रत्येक फेरीत टायर रस्त्याला टेकताना वाकतो आणि सुटताना पूर्ववत होतो. पण वाकताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. काही भाग उष्णता बनून आतच राहतो. हेच हिस्टेरिसिस. हवा कमी, तर बाजूची भिंत जास्त वाकते आणि उष्णताही जास्त तयार होते. रबर उष्णतेचं मंदवाहक, त्यात न थांबता तासन्‌तास पळणारी गाडी. शेवटी रबर आणि आतले धागे-तारा यांची पकड सुटते आणि टायर फाटतो.

म्हणजे ज्या भीतीने आपण हवा कमी करतो, तोच धोका वाढवून ठेवतो.

संशोधनात हीच चूक वेगळ्या रूपात भेटते. सूत्र बरोबर असतं, पण मुख्य परिणाम भलताच असतो. म्हणून दोन कारणं समोर आली की आधी दोन्हींचा अंदाजे आकडा काढा, मगच निष्कर्ष लिहा.

बाबांनी माझा हिशोब अर्धाच ऐकला. मग ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर दाखवलं, त्यावर ३३ होतं. सकाळी गाडी थंड असताना तेवढी हवा भरून निघालो. तुम्हीही तसंच करा. आणि वाटेत गेजवर ३८ दिसलं, तर हवा सोडू नका!