काचेवरचे डाग आणि रेझीनचे मणी

खिडकीची काच नळाच्या पाण्याने धुऊन तशीच वाळू दिली, तर तिच्यावर पांढुरके डाग उमटतात. पाण्याची वाफ होते, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. एक लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर ५ मिलिलिटर पाणी वाळल्यावर काचेवर १ मिलिग्रॅम क्षार उरतात.

ब्रिटनमध्ये उंच खिडक्या धुणारे बरेच जण लांब दांड्याच्या ब्रशातून क्षारविरहित पाणी सोडतात आणि काच न पुसता वाळू देतात. असे पाणी मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे रेझीन, म्हणजेच बारीक मण्यांच्या रूपातील कृत्रिम राळ. अशी आयन-विनिमय करणारी राळ अॅडम्स व होम्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९३५ साली तयार केली.

पाण्यात क्षार आयनरूपात असतात. एका प्रकारचे मणी कॅल्शियम, सोडियम हे धन आयन धरून ठेवतात व त्यांच्या बदल्यात हायड्रोजन आयन सोडतात. दुसऱ्या प्रकारचे मणी क्लोराइड, सल्फेट हे ऋण आयन घेऊन हायड्रॉक्सिल आयन देतात. हायड्रोजन व हायड्रॉक्सिल एकत्र आले की तयार होते पाणीच!

देवघेव करता करता मणी थकतात. मग पाण्याची विद्युतवाहकता वाढते व मापकावर ते लगेच कळते. मात्र साखरेसारखे विद्युतभाररहित पदार्थ मापकाला दिसत नाहीत आणि जंतूंचाही पत्ता त्याला लागत नाही. म्हणून मापकाचा काटा शून्याजवळ आला, तरी ते पाणी पिण्यास योग्य आहे असे समजू नये.