हौस वेगाची, झीज मागच्या टायरची!

स्पोर्ट्‌स कारचे पुढचे टायर नव्यासारखे दिसत असतात आणि मागचे मात्र गुळगुळीत गोटा झालेले असतात. यात दोष टायरचा, गाडीचा की चालवणाऱ्याचा?

मारुती ८०० वापरलेल्या कुटुंबांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. त्या गाडीचे पुढचे टायर आधी झिजत. इंजिन पुढे, गाडी ओढण्याचे काम पुढच्या चाकांचे, वळवण्याचे कामही त्यांचेच आणि ब्रेक दाबल्यावर जास्त भार घ्यायचा तोही त्यांनीच! मागची चाके बिचारी नुसती मागोमाग फिरायची. बहुतेक स्पोर्ट्‌स कारमध्ये हे चित्र नेमके उलटे असते. तिथे मागचे टायर इतक्या लवकर संपतात की लाखो रुपये मोजून गाडी घेणारा मालकही चक्रावून जातो.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे जपानची होंडा एनएसएक्स. ही गाडी १९८९ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दाखवण्यात आली आणि १९९० मध्ये विक्रीला आली. ॲल्युमिनियमचा सांगाडा, आसनांच्या मागे बसवलेले ३ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि विकासाच्या काळात साक्षात आयर्टन सेनाने चालवून केलेल्या सूचना! जाणकारांनी या गाडीला डोक्यावर घेतले. मात्र कौतुक करता करता मालकांनी एक तक्रारही सुरू केली. अनेकांचे मागचे टायर पंधरा हजार किलोमीटरसुद्धा टिकत नव्हते.

तीन कामे, एकच हमाल

पहिले कारण अगदी सरळ आहे. इंजिनाची सगळी ताकद मागच्या दोन चाकांनाच मिळते. गाडी पुढे ढकलताना रबर रस्त्याला किंचित घसटते. ताकद जितकी जास्त, तितके हे घासणे जास्त.

दुसरे कारण वजनाचे. एनएसएक्सच्या एकूण वजनापैकी सुमारे ५८ टक्के वजन मागच्या चाकांवर असते. जर्मनीच्या पोर्शे ९११ मध्ये तर इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने हा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात आणखी भर पडते ती वेग घेताना. बस एकदम सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात, तसाच गाडीचा भारही मागे सरकतो. म्हणजे चाके सर्वांत जास्त जोर लावतात, त्याच क्षणी त्यांच्यावरचे ओझेही वाढलेले असते.

तिसरे काम वळणावरचे. वेगात वळताना गाडीचा जड मागचा भाग बाहेर फेकला जाऊ पाहतो. त्याला धरून ठेवायचे तेही याच टायरनी. ढकलायचे, वाहायचे आणि आवरायचे, अशी तीन कामे एकाच हमालाच्या डोक्यावर दिल्यावर तो लवकर थकणारच!

चपलेची टाच आणि चाकाचा कोन

काही माणसांच्या चपलेची टाच एकाच बाजूने झिजते, कारण त्यांचे पाऊल किंचित तिरके पडते. स्पोर्ट्‌स कारची मागची चाकेही अशीच मुद्दाम तिरकी बसवलेली असतात.

मागून पाहिले तर ती वरच्या बाजूला थोडी आत कललेली दिसतात. याला कँबर म्हणतात. वळणावर गाडी एका अंगाला झुकली की बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट टेकावा, हा त्यामागचा हेतू. पण सरळ रस्त्यावर त्यामुळे भार टायरच्या आतल्या कडेवर जास्त येतो.

शिवाय वरून पाहिल्यास या चाकांची पुढची टोके थोडी आत वळलेली असतात. याला टो-इन असे नाव आहे. गाडीची शेपूट डगमगू नये म्हणून ही योजना असते. तिची किंमत मात्र रबर मोजते. समजा, ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक ३ मिलिमीटर आत वळलेले आहे. साधे गणित केले तर अशा चाकाला प्रत्येक किलोमीटरमागे ५ मीटर आडवे घासटत जावे लागते. दहा हजार किलोमीटरमध्ये हा हिशेब ५० किलोमीटरवर जातो! रबर लवचीक असल्याने त्यातला काही भाग ते सोसून घेते, पण बाकीची झीज होतेच. सुरुवातीच्या एनएसएक्समध्ये मागचा टो-इन बराच होता. मालकांच्या तक्रारींनंतर होंडाने पुढे तो कमी केला.

मऊ रबर, वेगळे माप

स्पोर्ट्‌स कारचे टायर मऊ रबराचे असतात. मऊ पेन्सिल कागदावर छान उमटते, पण लवकर संपते. टायरचेही तसेच आहे. अनेक टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे एक आकडा छापलेला असतो. ढोबळमानाने आकडा जितका मोठा, तितका टायर टिकाऊ. स्पोर्ट्‌स टायरवर हा आकडा अनेकदा २०० ते ३०० असतो, तर घरगुती गाडीच्या टायरवर ५०० किंवा त्याहूनही अधिक आढळतो.

साध्या गाडीत पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून झीज सारखी करता येते. इथे तीही सोय नाही. एनएसएक्सची पहिली आवृत्ती पुढे १५ इंची आणि मागे १६ इंची चाकांवर धावत असे. १९६४ मध्ये पोर्शे ९११ चे उत्पादन सुरू झाले, तेव्हा तिचे चारही टायर एकाच मापाचे होते. ताकद वाढत गेली तसे मागचे टायर रुंद होत गेले. अदलाबदल करणार कशी?

खरा धोका पावसात

तेव्हा ही झीज म्हणजे बनावटीतली चूक नव्हे. गाडी स्थिर राहावी म्हणून अभियंत्यांनी टायरचे आयुष्य जाणूनबुजून खर्ची घातलेले असते. धोका असतो तो झिजलेला टायर तसाच वापरण्यात.

टायरवरच्या खाचा पावसाचे पाणी बाहेर फेकतात. खाचा संपल्या की टायर पाण्यावर तरंगू लागतो. पुढची चाके घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाऊ लागते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की बरेचदा ती पुन्हा ताब्यात येते. मागची चाके घसरली तर मात्र गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. इंजिन मागे असलेल्या गाडीत तर घाबरून एकदम पाय उचलणेही महागात पडते. त्यातून झीज आतल्या कडेला असल्याने उभ्याने पाहणाऱ्याला टायर ठणठणीत वाटतो!

घरच्या गाडीसाठी धडा

स्पोर्ट्‌स कार दारात असो वा नसो, काही गोष्टी सर्वांनाच उपयोगी आहेत. महिन्यातून एकदा टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवून पाहा. एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खडबडीत लागली, तर चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्या. हवा टायर थंड असतानाच भरा. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे टायरच्या पृष्ठभागाशी एकसारखे झाले, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलायलाच हवा. पावसाळ्यापूर्वी तर त्याआधीच बदललेला बरा.

आणि चारही टायर एकाच मापाचे असतील व दोनच नवे घ्यायचे असतील, तर ते मागे लावा. ‘ओढणारी चाके पुढची, मग नवे टायरही पुढेच’ असे अनेकांना वाटते. पण ओल्या रस्त्यावर गाडी सरळ ठेवण्याची जबाबदारी मागच्या चाकांवर असते. म्हणून टायर कंपन्यांचाही सल्ला हाच असतो.