प्रतिपालकत्व

आईवडिलांचा मृत्यू, दीर्घ आजार, कारावास, परित्याग वा अन्य आपत्ती यांमुळे स्वतःच्या घरी राहू न शकणाऱ्या बालकाचा, त्यास दत्तक न घेता, दुसऱ्या कुटुंबाने काही काळापुरता किंवा बालक सज्ञान होईपर्यंत केलेला सांभाळ. जे कुटुंब वा व्यक्ती हा सांभाळ पत्करते तिला प्रतिपालक म्हणतात. प्रशासनात व समाजकार्याच्या क्षेत्रात ‘फॉस्टर केअर’ हा शब्दही रूढ आहे. दत्तकविधानाने बालकाचे जन्मकुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते संपते आणि नवे नाते कायमचे जुळते. प्रतिपालकत्वात जुने नाते शाबूत राहते. बालकाचे आडनाव, जात, धर्म व वारसाहक्क बदलत नाहीत आणि परिस्थिती सुधारल्यास त्याने आपल्या घरी परतावे, अशीच अपेक्षा असते. परत द्यावे लागेल हे जाणूनही स्वतःच्या मुलाप्रमाणे वाढविणे, हा या व्यवस्थेचा गाभा असून तिची सर्वांत अवघड बाजूही तीच आहे. यशोदेचे उदाहरण या संदर्भात सहज आठवते. मात्र सांभाळणाऱ्या घराशी जडलेले नाते किती खोल जाते, हे राधेय म्हणविण्यात धन्यता मानणाऱ्या कर्णाच्या कथेतून अधिक स्पष्ट होते.

महाराष्ट्रात पोरक्या मुलास मामाकडे, मावशीकडे किंवा आजीकडे ठेवण्याची चाल जुनी आहे. तिला ना कागद लागे, ना कोणाची परवानगी. या प्रथेमुळे असंख्य मुले वाढली. पण घरातील वरकामास हक्काचे माणूस म्हणून वापरली गेलेली मुलेही तिच्यातच होती आणि त्यांची विचारपूस करण्याचा अधिकार कोणासही नव्हता. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी नात्यागोत्याबाहेर पडलेल्या मुलांचा प्रश्न मुख्यतः संस्था काढून हाताळला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी दत्तक घेतले. पंडिता रमाबाईंनी १८९६ नंतरच्या दुष्काळांतील निराश्रित मुली व स्त्रिया यांना केडगाव येथील मुक्तिसदनात आश्रय दिला. संस्था किंवा दत्तक असे दोनच मार्ग त्यामुळे समाजाच्या नजरेसमोर राहिले आणि परक्या घरातील तात्पुरत्या सांभाळाची संघटित पद्धत येथे फारशी रुजली नाही.

पश्चिमेकडील देशांत ही पद्धत लवकर संघटित झाली. तिचे धोकेही तेथेच आधी उघड झाले. न्यूयॉर्क येथील चार्ल्स लोरिंग ब्रेस या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने १८५४ पासून १९२९ पर्यंत सुमारे दोन लाख निराधार मुले रेल्वेने अमेरिकेच्या अंतर्भागातील शेतकरी कुटुंबांकडे धाडण्यात आली. त्यांतील काहींना घर मिळाले, तर काहींच्या वाट्यास केवळ शेतमजुरी आली. इंग्लंडमध्ये डेनिस ओनील हा बारा वर्षांचा प्रतिपालित मुलगा १९४५ मध्ये प्रतिपालकाच्याच मारहाणीने व उपासमारीने दगावला. त्या घटनेने तेथील जनमत हादरले. मुलांच्या सांभाळाची पाहणी करणाऱ्या कर्टिस समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये बालकविषयक नवा कायदा झाला. चांगले घर निवडणे पुरेसे नसते, निवडलेल्या घराकडे पुन्हा पुन्हा जावे लागते, ही जाण या प्रकरणाने पक्की केली.

संस्थेपेक्षा कुटुंब बरे, हे मत पूर्वी अनुभवावर आधारलेले होते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोवैज्ञानिकाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात मातृवियोगाचे बालमनावरील परिणाम मांडले. पुढे रूमानियातील बूखारेस्ट येथे २००० नंतर हाती घेतलेल्या अभ्यासाने या मतास अधिक भक्कम पुरावा दिला. अनाथालयांतील १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. या मुलांची बौद्धिक वाढ व जिव्हाळा जोडण्याची क्षमता संस्थेतील मुलांहून सरस आढळली. विशेषतः दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्या मुलांत हा फरक ठळक होता. हे प्रतिपालक निवडलेले, प्रशिक्षित व मानधन मिळणारे होते, ही गोष्ट मात्र या निष्कर्षाचा दाखला देताना पुष्कळदा विसरली जाते.

कायदा : भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कविषयक संयुक्त राष्ट्रांच्या संहितेच्या विसाव्या अनुच्छेदात कुटुंबापासून दुरावलेल्या बालकाच्या पर्यायी सांभाळाची तरतूद असून, तो ठरविताना बालकाचा वंश, धर्म, संस्कृती व भाषा यांचे सातत्य लक्षात घ्यावे, असे म्हटले आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. जैविक कुटुंबाखेरीज अन्य अशा निवडलेल्या, पात्र ठरविलेल्या, मान्यता दिलेल्या व देखरेखीखालील कुटुंबात बालकल्याण समितीने बालकास ठेवणे, अशी प्रतिपालनाची व्याख्या त्यात केली आहे. व्याख्येतील चारही विशेषणे महत्त्वाची असून व्यवहारात शेवटचे सर्वाधिक दुर्लक्षित राहते. चव्वेचाळिसाव्या कलमानुसार भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी प्रतिपालकाने घ्यावी, बालकाच्या हितास बाध येत नसेल तर जन्मदात्यांना भेटीची मुभा असावी आणि समितीने दरमहा कुटुंबाची पाहणी करावी. सांभाळात कसूर आढळल्यास बालकास दुसऱ्या कुटुंबात हलविता येते. दत्तकयोग्य ठरलेले बालक दीर्घकालीन प्रतिपालनात देऊ नये, असाही दंडक आहे.

प्रतिपालक होण्याची रीत : इच्छुकाचा संबंध प्रथम जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी येतो. अर्जानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन पाहणी करतो. उत्पन्न, घरातील जागा, प्रकृती व पोलिसांकडील नोंद यांची पडताळणी होते. परंतु अनुभवी कार्यकर्त्याचे लक्ष या कागदांपेक्षा घरातील इतर माणसांकडे अधिक असते. घरातील मुलांना हा नवा भिडू मान्य आहे काय, वृद्धांचे मत काय आणि हे बालक घरी आणण्यामागील खरा हेतू कोणता, हे त्यास पाहावयाचे असते. अपत्यहीन दांपत्यास पुष्कळदा दत्तक हवे असते व प्रतीक्षा टाळण्यासाठी ते या वाटेने येते. अशा दांपत्याची निराशा आधीच समजावून सांगणे इष्ट. केंद्र शासनाच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही ३५ ते ६० या वयोमर्यादेत प्रतिपालक होण्याची मुभा दिली. मात्र एकट्या पुरुषाकडे केवळ मुलगाच सोपविता येतो. दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे लागते. सहा वर्षांवरील आणि दत्तक जाण्याची शक्यता कमी असलेल्या मुलांचा विचार या तत्त्वांत प्रामुख्याने केलेला आहे. म्हणजे प्रतिपालकाच्या दारी येते ते बहुधा आठवणी असलेले मूल. ते आईविषयी विचारते, अन्न लपवून ठेवते, रात्री अंथरूण ओले करते किंवा काही महिने फारसे बोलतच नाही. हा कृतघ्नपणा नव्हे. तुटलेल्या विश्वासाची ती खूण असते.

महाराष्ट्रातील बालसंगोपन योजना : कुटुंबातच सांभाळ व्हावा म्हणून महाराष्ट्र शासनाने २००५ पासून बालसंगोपन योजना राबविली. अनाथ व परित्यक्त मुले, एकच पालक हयात असलेली मुले, तसेच दुर्धर आजारी वा कारावासातील पालकांची मुले यांना अठरा वर्षांपर्यंत तीतून मासिक अनुदान मिळते. दरमहा ४२५ रुपये असलेली ही रक्कम २०२१ मध्ये १,१०० रुपये व २०२३ मध्ये २,२५० रुपये झाली आणि योजनेस क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्राच्या मिशन वात्सल्य या योजनेत प्रायोजन व प्रतिपालन यांसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. बालसंगोपनाचा लाभ घेणारे मूल पुष्कळदा विधवा आईजवळ किंवा आजीआजोबांकडेच राहत असते. त्यामुळे काटेकोर अर्थाने हे प्रतिपालकत्व नसून नात्यातील सांभाळास दिलेला हातभार होय. असे असले, तरी घर मोडू न देण्याचे काम त्याने होते आणि परक्या घराची वेळच येऊ न देणे केव्हाही चांगले. कोव्हिडच्या साथीत आईवडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने २०२१ मध्ये पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याची तरतूद केली. पोरक्या मुलाच्या नावे पैसा आला की त्यास सांभाळू इच्छिणाऱ्या नातेवाइकांची संख्या वाढू शकते. म्हणून रक्कम मुलाच्या नावे बांधून ठेवण्याचा हा मार्ग शहाणपणाचा ठरतो.

मराठवाडा : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांतील हजारो माणसे दगावली व अनेक मुले पोरकी झाली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ हा प्रकल्प उभारला. लातूर येथे एसओएस बालग्राम स्थापन झाले. हेर्मान ग्माइनर यांनी ऑस्ट्रियात १९४९ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत मोजकी मुले एका ‘आई’च्या हाताखाली स्वतंत्र घरात वाढतात, संस्था व कुटुंब यांमधील ही वाट होय. एवढ्या मोठ्या आपत्तीतही पुढे आलेले हे प्रमुख प्रयत्न संस्थांचेच होते.

आपत्ती नसतानाही हा प्रश्न वर्षानुवर्षे ज्या गावांत दिसतो, त्यांचे उदाहरण म्हणून इस्लापूरचा परिसर घेता येईल. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील हे गाव पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याजवळ वसले आहे. तेलंगणाला लागून असलेल्या या वनाच्छादित तालुक्यात आंध, गोंड व कोलाम या जमातींची गावे आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील कुटुंबे ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्ट्यांवर बाहेर पडली की मुलांपुढे दोनच पर्याय उरतात : आईवडिलांबरोबर जाऊन शाळा सोडणे किंवा आजीजवळ राहणे. जिल्हा परिषदांची हंगामी वसतिगृहे आणि आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा यांमुळे काही सोय होते. परंतु घरी राहिलेल्या मुलाचा भार एखाद्या थकलेल्या आजीवर सहा-सहा महिने असतो. तिला प्रतिपालक म्हणून कोणी ओळखत नाही. एखाद्या वर्षी मुलाचा बाप परतलाच नाही, तर अनुदानासाठी मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बालकल्याण समितीपुढे हजेरी, एवढे सोपस्कार तिच्यासमोर उभे राहतात. एका खेपेत दिवसाची मजुरी बुडते व प्रवासखर्च वेगळा. अशा गावी समितीची दरमहा पाहणी व्हावयाची, तर ती ग्राम बाल संरक्षण समिती, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्यामार्फतच शक्य होईल. परक्या कुटुंबात मूल ठेवण्याची वेळ आलीच, तर भाषेचा प्रश्न येतो. कोलामी किंवा बंजारा बोली बोलणारे मूल शहरातील मराठी घरात गेले, तर दोन-तीन वर्षांत ते आपल्या आजीशी बोलण्यास बिचकू लागते. शक्यतो त्याच तालुक्यातील, त्याच्या बोलीचे घर शोधावे, हा व्यवहारातील पहिला नियम ठरतो.

समाप्ती : एक वर्षापर्यंतचे प्रतिपालन अल्पकालीन व त्यापुढील दीर्घकालीन मानले जाते. आईवडिलांची स्थिती सुधारल्यास समितीच्या आदेशाने बालक परत जाते. ही परतणी एकदम न करता भेटी वाढवीत केल्यास दोन्ही घरांना सोसते. प्रतिपालकाने मूल दोन वर्षे सांभाळले आणि ते दत्तकासाठी कायदेशीर रीत्या मोकळे झाले, तर २०२४ च्या तत्त्वांनुसार त्यास दत्तक घेण्याची मुभा प्रतिपालकास आहे. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. अठराव्या वर्षी प्रतिपालन संपते. त्यानंतर शिक्षण व व्यवसायप्रशिक्षण यांसाठी २१ वर्षांपर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत, अनुरक्षणोत्तर साहाय्याची तरतूद आहे. प्रतिपालकाच्या मालमत्तेत अशा मुलास कायद्याने वाटा नसतो. द्यावयाचाच असेल, तर प्रतिपालकास मृत्युपत्र करावे लागते.