‘कॅटलिना’ला हवा होता हक्काचा धक्का

1924 साली लॉस एंजेलिसच्या बंदरातून ‘एस. एस. कॅटलिना’ ही पांढरीशुभ्र आगबोट समोरच्या कॅटलिना बेटाकडे निघाली. बोट बांधून घेतली होती च्युइंगमचे कारखानदार विल्यम रिग्ली यांनी. बेट त्यांनी 1919 मध्येच घेतलं होतं. आता तिथे माणसं न्यायची होती. एका खेपेला दोन हजारांच्या आसपास उतारू मावत. बोटीवर बँड वाजे, नाच रंगे. बेटावरचं ॲव्हलॉन गाव जवळ आलं की तिथली पोरं सूर मारून उतारूंनी फेकलेली नाणी पाण्यातच टिपत. दुसऱ्या महायुद्धात बोट सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सैन्याच्या कामाला लागली आणि तिने आठ लाखांहून अधिक सैनिकांची ने-आण केली. 1975 मध्ये तिच्या फेऱ्या थांबल्या, तोवर सुमारे अडीच कोटी माणसं तिने वाहून नेली होती.

दहा लाख डॉलर खर्चून बांधलेली ही बोट 1977 च्या लिलावात अवघ्या 70 हजारांना गेली. एका बांधकाम व्यावसायिकाने ती बायकोला व्हॅलेंटाइन भेट म्हणून घेतली.

विकत घेणं सोपं होतं, सांभाळणं नाही. खाऱ्या पाण्यात पोलाद सतत गंजत असतं. बोट ठरावीक काळाने सुक्या गोदीत चढवून तळ खरवडावा लागतो, झिजलेले पत्रे बदलावे लागतात. शिवाय धक्क्याचं भाडं, विमा, पहारा आणि झिरपणारं पाणी उपसणारे पंप. चालत्या बोटीचा हा खर्च तिकिटांतून निघतो. उभी बोट काहीच कमवत नाही. 1976 मध्ये तिचं नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा नोंदवहीत आलं होतं. पण अशा नोंदीमुळे खासगी मालकावर डागडुजीचं बंधन येत नाही.

मग ती या नांगरावरून त्या नांगरावर फिरली आणि शेवटी मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला पोचली. तिथे तिच्यात काही काळ रेस्टॉरंट चालवून पाहिलं. तेही टिकलं नाही. 1997 मध्ये ती बंदरातच कलून अर्धी बुडाली. तिला परत आणायला चाहते वर्षानुवर्षं झटले, पण एवढ्या मोठ्या बोटीला कायमची जागा आणि पैसा जुळला नाही. 2009 मध्ये तिची भंगारात तोडणी झाली.

जुनी बोट जपायची असेल, तर तिची शेवटची फेरी होण्याआधीच धक्का, मालक आणि दरवर्षीच्या डागडुजीचा पैसा ठरायला हवा. ‘कॅटलिना’वर माया करणारी माणसं पुष्कळ होती. तिचा खर्च उचलणारी संस्था वेळेवर उभी राहिली नाही, म्हणून ती गेली.